आधी दगड हातात, मग पडद्यावर

2016 साली आलेल्या सहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात खडकांवर स्वतंत्र पाठ आहे. अग्निज, स्तरित आणि रूपांतरित हे तीन प्रकार, त्यांची माहिती, चित्रे आणि शेवटी स्वाध्याय. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला यातला पहिला प्रकार समजायला फारसे कष्ट पडत नाहीत, तो त्याच्या पायाखालीच असतो. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या दगडाने व्यापलेला आहे. उरलेल्या दोन प्रकारांसाठी मात्र त्या मुलाला चित्रांवरच भागवावे लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे गणित उलटे आहे. काळा दगड वरोरा, कोरपना, जिवती अशा पश्चिमेकडच्या तालुक्यांत दिसतो आणि पूर्वेकडे जाता जाता संपतो. तो संपला की त्याच्याहून जुने सगळे उघडे पडते. कोरपना, गडचांदूर, राजुरा भागात शंभर कोटी वर्षांहून जुना चुनखडक आहे. आवारपूर, गडचांदूर आणि उपरवाहीचे सिमेंट कारखाने त्याच्यासाठीच इथे आले. वर्धा नदीच्या खोऱ्यात माजरी, घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, सास्ती असा कोळशाचा पट्टा आणि कोळशाच्या खाली-वर वालुकाश्म. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले की पट्टेदार नाइस आणि ग्रॅनाइट लागतात, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज. खाली सिरोंच्याकडे पुन्हा वालुकाश्म आणि त्यात दगड होऊन पडलेली झाडांची खोडे. वडधमला वनविभागाने त्यांचे उद्यान केले आहे. पाठ्यपुस्तकातले तिन्ही प्रकार असे दोन जिल्ह्यांत मिळणे ही महाराष्ट्रात सहज आढळणारी गोष्ट नाही.

तरी इथला विद्यार्थी पेपरात अग्निज खडकाचे उदाहरण म्हणून सह्याद्रीचा बेसाल्ट लिहितो आणि स्तरित खडकाच्या उदाहरणापाशी अडून जागा कोरी सोडतो. त्याचे वडील कदाचित त्याच वेळी खदानीत पाळीवर असतात. ही पुस्तिका त्या कोऱ्या जागेसाठी आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना खडकांचे वर्गीकरण शिकवताना शाळेतला संगणक आणि इंटरनेट कसे वापरावे, हा तिचा विषय. पण त्याआधी ते कसे वापरू नये याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शाळाशाळांत आज चालते ते बहुधा तेच आहे.

चालते ते असे. पाठ वाचून होतो. मग संगणकाच्या खोलीत नेऊन मुलांना ‘खडकांचे प्रकार शोधा’ म्हणून सांगितले जाते. मुले शोधतात. ‘ग्रॅनाइट’ टाइप केले की स्वयंपाकघरातले ओटे आणि फरशीचे भाव समोर येतात. त्यात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच. तो असतो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचा भाऊबंद. बाजाराला जो दगड गुळगुळीत होतो तो ग्रॅनाइट, आणि बाजाराच्या सोयीने ते ठीकच आहे. ‘बेसाल्ट’ टाइप केले की आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे षट्कोनी खांब येतात. मुले ती चित्रे वहीत चिकटवतात, खाली नाव लिहितात आणि प्रकल्प जमा होतो. या सगळ्यात एकाही मुलाच्या हाताला दगड लागलेला नसतो.

आता तर शोधायचीही गरज उरलेली नाही. मोबाइल दगडापुढे धरला की तो नाव सांगून मोकळा होतो, तेही ठामपणे. हा ठामपणा मुलांना फार पटतो. पण मोबाइलला दिसतो तो फक्त रंग आणि वरचा पोत. त्याला दगड उचलता येत नाही, ओरखडता येत नाही, त्यावर लिंबू पिळता येत नाही. खडकांच्या बाबतीत रंग हा सगळ्यांत कमी भरवशाचा साक्षीदार आहे. घुग्घुसच्या मुलाने एका पिशवीत चार काळे दगड आणले तर त्यात कोळसा असू शकतो, कोळशाबरोबर ओबीच्या, म्हणजे खदानीतून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगात येणारा काळा शेल असू शकतो, रस्त्याच्या गिट्टीतला बेसाल्ट असू शकतो आणि एखाद्या डंपरमधून सांडलेला लोहखनिजाचा तुकडाही असू शकतो. फोटोत चौघे सारखेच दिसतात.

म्हणून या पुस्तिकेतला क्रम आधी हात, मग तक्ता, मग इंटरनेट असा आहे. नाव सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडायचा नाही एवढा एकच आग्रह आहे. बाकी कृती शिक्षकांनी आपल्या सोयीने बदलाव्यात.

हातासाठी लागणारे साहित्य किराणा दुकानात आणि भंगारात मिळते. लोखंडी खिळा, लिंबू किंवा व्हिनेगर, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक, पांढऱ्या टाइलचा तुकडा, ताणकाटा, दोरा आणि पाण्याची बादली. बहिर्गोल भिंग शाळेच्या कपाटात असतेच, किल्ली कोणाकडे आहे एवढे विचारावे लागते.

खिळ्याने ओरखडले की चुनखडकावर पांढरी रेघ उठते आणि भुकटी निघते. गारगोटीवर ओढला तर दगडाला काही होत नाही, उलट खिळ्याचेच लोखंड झिजून दगडावर करडी रेघ सोडते. ही रेघ बोटाने पुसून बघितल्याशिवाय मुलांना पटत नाही की इथे ओरखडा खिळ्याला पडला आहे. खनिजांच्या कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी फ्रीडरिक मोस याने 1812 मध्ये मांडली, ती या एका रेघेतून शिकवता येते. टाइलची खडबडीत मागची बाजू वेगळ्याच कामाची. सुरजागडचा हेमाटाइट दिसायला करडा-काळा असला तरी टाइलवर घासला की विटेसारखी लाल रेघ देतो. कोळसा काळी देतो. बेसाल्ट घासून घासून हात दुखले तरी धड रेघ उमटत नाही. लोहचुंबक मॅग्नेटाइटला चिकटतो, शुद्ध हेमाटाइटला जवळपास दाद देत नाही. तेव्हा ‘लोखंडाचा दगड म्हणजे चुंबकाला चिकटणारच’ ही समजूत पहिल्याच तासाला मोडते.

लिंबाची कृती सोपी वाटते, पण फसवणारी तीच आहे. चुनखडकावर आम्ल पडले की बुडबुडे येतात हे खरे. पण काळ्या मातीच्या शेतातून उचललेल्या बेसाल्टवरही ते येतात, कारण त्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांचे पुट दगडावर बसलेले असते. पाडलेल्या घराच्या दगडाला चिकटलेला सिमेंट-चुनाही फसफसतो. म्हणून दगड फोडून आतल्या ताज्या पृष्ठावरच थेंब टाकायचा. फोडायचे काम शिक्षकांनी करायचे, दगडाला फडके गुंडाळून. मुले लांब उभी राहतील. डोलोमाइट नुसत्या लिंबाला जवळजवळ गप्प राहतो. त्याची पूड केली तर मंद बुडबुडे देतो.

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही वजनाला दिला आहे, आणि संगणकाचे खरे काम तिथूनच सुरू होते. दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगायचा आणि वजन लिहायचे. मग तसाच टांगलेला दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि पुन्हा वजन लिहायचे. पहिल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागले की सापेक्ष घनता मिळते. वालुकाश्म पाण्यात गेला की त्याच्या अंगातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत राहते आणि काट्यावरचा आकडा हळूहळू सरकतो. दगडाच्या कणांमधल्या फटीत पाणी शिरत असते. बोअरवेलचे पाणी कुठून येते हे त्या क्षणी वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रत्येक गटाने आपापले आकडे एकाच तक्त्यात भरायचे. एक्सेल असो की लिबरऑफिस, शाळेत एकच संगणक चालू असला तरी पुरे. स्तंभ साधे ठेवायचे: क्रमांक, कुठे सापडला, रंग, कण दिसतात का, खिळ्याचा ओरखडा, लिंबू, चुंबक, टाइलवरची रेघ, सापेक्ष घनता. दगडाचे नाव लिहायला स्तंभ ठेवायचाच नाही. मग मुलांना सांगायचे, तक्ता रंगाप्रमाणे लावा. कोळसा, शेल, बेसाल्ट आणि हेमाटाइट शेजारी शेजारी येऊन बसतात. आता तोच तक्ता घनतेप्रमाणे लावा. कोळसा 1.3 च्या आसपास घेऊन वर जातो, बेसाल्ट 2.8 ते 3 वर थांबतो आणि चांगला हेमाटाइट 5 च्या जवळ, पार तळाला. दगड तेच, आकडेही तेच, फक्त निकष बदलला की कोण कोणाच्या शेजारी बसणार ते बदलले. वर्गीकरण म्हणजे काय हे मला याहून चांगले शिकवता आले नसते. व्याख्या पाठ करून घेणाऱ्या तासाला तर नाहीच नाही.

पण तक्ता एका ठिकाणी थांबतो. अग्निज, स्तरित, रूपांतरित ही नावे दगडाच्या गुणांवरून दिलेली नाहीत, त्याच्या जन्मावरून दिलेली आहेत, आणि जन्म तर कोणी पाहिलेला नाही. ग्रॅनाइट आणि चुनखडक यांची घनता जवळपास सारखीच, 2.6 ते 2.7. तिथे कण बघावे लागतात. ग्रॅनाइट खोल जमिनीत सावकाश थिजला म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात, बेसाल्टचा लाव्हा उघड्यावर लवकर थिजला म्हणून त्याचे दिसत नाहीत. खडीसाखर आणि गोळीबंद पाकाची वडी यांत जो फरक, तोच. नाइसमध्ये काळे-पांढरे पट्टे असतात पण ते गाळाचे थर नव्हेत, ते दाबाखाली आणि उष्णतेत पुन्हा मांडले गेलेले स्फटिक आहेत. हे मुलाला नुसत्या दगडावरून कळणार नाही. ‘हा इथे कसा आला’ हा प्रश्न आता त्याचा स्वतःचा झालेला असतो, आणि इंटरनेट उघडायची वेळ ही.

इथे कामाला येणाऱ्या जागा मोजक्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही 1851 पासूनची संस्था, तिचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे. तिच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर खडकांचे नकाशे बघता येतात. आपले गाव त्यावर शोधून काढणे हा एक तासाचा उत्तम उद्योग आहे. इस्रोचे ‘भुवन’ आणि गूगल अर्थ यांवर खदानी, ओबीचे डोंगर, नदीची वळणे दिसतात. मराठी विश्वकोश आता नेटवर आहे आणि त्यातल्या खडक-खनिजांच्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. भाषा जड आहे, शिक्षकांनी आधी वाचून घ्यावी. भामरागड-एटापल्लीकडे रेंज कधी असते, कधी नसते. तिथे पाने आधीच उतरवून पेनड्राइव्हवर नेणे हाच उपाय. आणि गडचिरोलीत मराठी ही सगळ्या मुलांची घरची भाषा नाही. माडिया आहे, गोंडी आहे, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. मूल ज्या भाषेत प्रश्न विचारेल त्या भाषेत विचारू द्यावा, शोधशब्द शिक्षकांनी सुचवावा.

नकाशा आणि हातातला दगड जुळले नाहीत तर तो तास वाया गेला असे समजू नये. उलट तिथेच मजा आहे. रस्त्याची गिट्टी ट्रकने कुठूनही आलेली असते. प्राणहितेच्या वाळवंटातला गोटा कुठल्या डोंगरातून वाहत आला ते नदीलाच ठाऊक. म्हणून तक्त्यातला ‘कुठे सापडला’ हा स्तंभ कधीच रिकामा सोडू देऊ नये. विहीर खणताना निघालेला दगड मात्र जवळजवळ नेहमी त्या गावचाच असतो. नव्या विहिरीचा ढीग ही शाळेसाठी सगळ्यांत खात्रीची जागा.

या भागातल्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक शाळामास्तरच होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. दुसऱ्या वर्षी त्याने शाळा काढली, आणि शाळा सांभाळून सोबती रॉबर्ट हंटरबरोबर तो दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरला. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेनने तिचे वर्णन 1855 मध्ये छापले, नाव ब्राकिऑप्स. तेव्हा पेटी पोचायला आणि उत्तर यायला महिने लागत. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे बघून परतताना हिस्लॉप नाल्यात बुडून मेला. आजच्या मुलाला उत्तर क्षणात मिळते. हिस्लॉपने मात्र पेटी बांधण्याआधी दगड कुठल्या थरात होता, वर काय होते, खाली काय होते हे नोंदलेले असे. वेळ वाचतो आहे तो मुलांनी या नोंदीत घालवावा, एवढेच माझे म्हणणे.

अशा नोंदींतून काय निघू शकते याची दोन उदाहरणे वरोरा तालुक्यातच आहेत. डोंगरगावला सापडलेल्या हाडांवरून 1997 मध्ये एका अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन झाले. ज्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी तो शोधला तिच्या आद्याक्षरांवरून तो आता इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण शोधले आणि 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. गवत डायनोसॉरनंतर आले असे तोवर मानले जात होते. सहावीच्या वर्गात ‘विष्ठेचा दगड’ म्हटल्यावर जो हशा पिकतो तो पिकू द्यावा. त्यानंतर ‘मग हा कुठल्या प्रकारात बसवायचा?’ हा प्रश्न टाकावा.

कारण न बसणारे दगड या पुस्तिकेत मुद्दाम घेतले आहेत. कोळसा स्तरित आहे, पण तो खनिजांचा नसून झाडांचा झालेला आहे. जांभा अग्निजही नाही आणि नेहमीच्या अर्थाने गाळाचाही नाही, तो दुसऱ्या खडकाच्या कुजण्यातून होतो. सुरजागडचा पट्टेदार लोहखडक मुळात समुद्रतळाशी थरांनी साचला आणि नंतर दाब-उष्णतेत बदलला. त्याला स्तरित म्हणावे की रूपांतरित? पेपरात एकाच पर्यायाला गुण असतात, हे मान्य. पण तीन पेट्यांच्या मधेही दगड असतात हे मुलांना बाराव्या वर्षीच कळले तर बरे. इथल्या कोळशाच्या थरांना जगभर गोंडवन हेच नाव आहे, इथल्या गोंड राज्यावरून पडलेले. हेही वर्गात सांगावे, विशेषतः ज्या वर्गात गोंड मुले बसलेली आहेत तिथे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. चालू खदानीत किंवा ओबीच्या ढिगावर मुलांना नेऊ नये. ढीग खचतात, आणि कोळशाचे ढीग आतून जळत असतात. जंगलात वाघाचा वावर आहे; ताडोब्याच्या आसपासच्या गावांना हे सांगायला नको, पण नाल्यात दगड शोधायला मुलांना एकटे पाठवणाऱ्या उत्साही शिक्षकाला सांगायला हवे. वनजमिनीवर जायचे तर परवानगी घ्यावी. जीवाश्म दिसला तर फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि तो तिथेच राहू द्यावा. पिसदुरा आणि वडधमसारख्या जागा पिशव्या भरभरूनच रिकाम्या होतात. शहरातल्या शाळांना लांब जायचीही गरज नाही. चंद्रपूरचा परकोट आहे, लालपेठच्या उघड्यावरच्या प्रचंड मूर्ती आहेत, गडचिरोलीकडे मार्कंड्याचे देवालय आहे. तिथे खिळा आणि लिंबू वर्ज्य. फक्त भिंग आणि वही घेऊन जावे, आणि हा दगड कोणता हे मुलांनी कारणासहित लिहावे.

पुस्तिकेच्या शेवटी दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यासाठी एकेक कोरा तक्ता दिला आहे, नावाच्या स्तंभासकट. तेवढ्यापुरता तो परत आणला आहे. शिक्षकांनी आपापल्या तालुक्याचा तक्ता मुलांकडून भरून घ्यावा आणि शेजारच्या तालुक्यातल्या शाळेशी अदलाबदल करावी. कोरपन्याच्या मुलांनी धानोऱ्याला चुनखडक पाठवावा, धानोऱ्याच्या मुलांनी नाइस. पाकिटावर नाव लिहू नका.